समाजशास्त्राच्या संशोधनासाठी सरकारी अनुदान: आधी नमुना ठरवा, मग बजेट

नाशिकच्या महाविद्यालयांतून दिल्लीला जाणाऱ्या बऱ्याच प्रस्तावांत विषय चांगला असतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतले स्थलांतरित मजूर, मालेगावचे यंत्रमाग कामगार, सातपूर-अंबडमधल्या कंत्राटी कामगार स्त्रिया, असं बरंच काही. प्रस्ताव अडतो तो पद्धती आणि बजेट यांचा मेळ बसत नाही म्हणून. तपासणारा तज्ज्ञ हे दोन भाग शेजारी ठेवून वाचतो आणि '400 कुटुंबं' हा आकडा कुठून आला हे त्याला पाच मिनिटांत कळतं.

समाजशास्त्रासाठी मुख्य दार म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएसएसआर (स्थापना 1969). मुंबईत कलिना इथे तिचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, पण मोठे आणि लघु संशोधन प्रकल्प दिल्लीहून निघणाऱ्या जाहिरातीतूनच मिळतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. ती वाट वेगळी, तिची कागदपत्रंही वेगळी. इथे प्राध्यापकांच्या प्रकल्पाचंच पाहू.

लिहायला बसण्याआधी कार्यालयात दोन चौकशा करा. महाविद्यालय यूजीसी कायद्याच्या 2(फ) आणि 12(ब) कलमांखाली, म्हणजे मान्यताप्राप्त आणि केंद्रीय अनुदानाला पात्र, आहे का? आणि आधीच्या एखाद्या प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) थकलेलं तर नाही ना? दुसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत. दुसऱ्या विभागातल्या कुणाचा तरी जुना हिशेब अपुरा असतो आणि त्यापायी तुमच्या अनुदानाचा हप्ता लटकतो. संस्थेची पीएफएमएसवर (सरकारी निधी वाटपाच्या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवर) नोंदणी आहे का, तेही याच फेरीत पाहून घ्या.

आता नमुना, म्हणजे मुलाखतीसाठी किती कुटुंबं निवडायची ते. 95 टक्के विश्वास पातळी आणि 5 टक्के त्रुटी धरली की सूत्रातून 384 येतात. बहुतेक जण इथेच थांबतात. पण हा आकडा सरळ यादृच्छिक निवडीचा, म्हणजे सगळ्यांच्या एकाच यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारख्या निवडीचा आहे. तुम्ही आधी तालुके, मग गावं, मग कुटुंबं निवडणार. एका पाड्यावरची माणसं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे तेवढ्याच मुलाखतींतून माहिती कमी मिळते. ही तूट भरायला 1.5 ने गुणा: 576. दहापैकी एक कुटुंब भेटणार नाही किंवा नकार देईल, म्हणून 0.9 ने भागा: 640. हे गणित प्रस्तावात चार ओळींत लिहून टाका. त्या चार ओळी दोन पानांच्या सैद्धांतिक चौकटीपेक्षा जास्त कामाच्या ठरतात.

एक क्षेत्र अन्वेषक दिवसाला चार चांगल्या मुलाखती घेतो. आठ घेतल्या असं कुणी सांगितलं, तर निम्मे फॉर्म झाडाखाली बसून भरलेत असं समजा. 640 मुलाखतींना 160 मनुष्यदिवस लागतात. चौघांना वाटले तर प्रत्येकी 40 दिवस, म्हणजे सुट्ट्या धरून दोन महिने. समजा एकाचं मानधन महिना 20,000 रुपये. चौघांचे दोन महिन्यांचे 1,60,000 झाले. (दर मार्गदर्शिकेत ठरलेले असतात. मनाने वाढवू नका, कमीही करू नका.) आयसीएसएसआरच्या साच्यात साधारणपणे मनुष्यबळाला 45 टक्के, क्षेत्रकार्याला 35, उपकरणं आणि अभ्याससाहित्याला 10, आकस्मिक खर्चाला 5 आणि अहवाल प्रकाशनाला 5 अशी मर्यादा असते. 6 लाखांच्या प्रकल्पात म्हणजे 2,70,000, 2,10,000, 60,000, 30,000 आणि 30,000. मनुष्यबळातून अन्वेषकांचे पैसे वजा केले की 1,10,000 उरतात. माहिती भरणं, तपासणं आणि विश्लेषणाची मदत त्यातच बसवायची. बसत नसेल तर तालुका कमी करा, प्रश्नावली आखडती घ्या, पण लॅपटॉपचे पैसे इकडे वळवू नका. एका शीर्षाखालचा पैसा परवानगीशिवाय दुसऱ्या शीर्षाखाली खर्च केला, तर लेखापरीक्षणात तो नामंजूर होतो.

वेळापत्रक 'महिना 1, महिना 2' असं लिहायची रीत आहे. नाशिकमध्ये ते फसतं. मंजुरी आणि पहिला हप्ता यांत महिने जातात, आणि शेतमजूर तुमच्या तक्त्याप्रमाणे हलत नाहीत. सुरगाणा-पेठकडची माणसं भात-नागली उरकली की बागांकडे येतात आणि आवणीला (भाताच्या लावणीला) परत घरी जातात. द्राक्ष काढणीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. मजुरांना बागेवर भेटायचं तर याच काळात. पावसाळ्यात पाड्यावर गेलात तर दिवसभर घरी कुणी नसतं, मुलाखती संध्याकाळी सातनंतरच होतात, आणि मग दिवसाला चार सोडा, दोन झाल्या तरी पुष्कळ. म्हणून तक्त्यात महिन्याच्या क्रमांकाशेजारी हंगामही लिहा, आणि अनुदान उशिरा आलं तर क्षेत्रकार्य पुढच्या हंगामात कसं सरकेल तेही एका ओळीत सांगा.

भाषेचा खर्च धरायला विसरतात. कळवण-बागलाणमध्ये अहिराणी, सुरगाण्यात कोकणा, मालेगावात उर्दू. प्रमाण मराठीतली मुलाखत अनुसूची अन्वेषक जागेवर भाषांतरित करतो आणि चौघे चार वेगळे प्रश्न विचारतात. भाषांतर आधी लेखी करून घ्या, दुसऱ्याकडून ते उलट मराठीत आणवा, आणि नमुन्याबाहेरच्या 30 कुटुंबांवर चाचणी घ्या.

पैसा आल्यावर पहिल्या दिवसापासून प्रकल्पाचं कॅशबुक वेगळं ठेवा. मानधन बँकेतूनच द्या. भाड्याच्या गाडीच्या बिलाला लॉगबुक जोडा, एसटीची तिकिटं तारखेनुसार चिकटवा. शाई उडते, म्हणून त्यांची झेरॉक्सही काढा. प्रिंटर-लॅपटॉप डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा, ती संस्थेची मालमत्ता आहे. खात्यावरचं व्याजही तुमचं नाही, ते परत करावं लागतं. उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) 12-अ नमुन्यातच लागतं. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर टाइप केलेला साधा दाखला परत येतो.

हप्ते सहसा 40, 40 आणि 20 टक्के असे पडतात, आणि शेवटचे 20 टक्के अंतिम अहवाल व लेखापरीक्षित हिशेब मंजूर झाल्यावरच हातात येतात. 6 लाखांत ते 1,20,000 होतात, आणि खर्च मात्र आधीच करावा लागतो. तेवढी रक्कम संस्था आगाऊ देईल असं प्राचार्यांचं पत्र अर्ज पाठवतानाच घेऊन ठेवा. प्रकल्प संपताना मागितलं तर विषय व्यवस्थापनाच्या बैठकीत जातो.