वटवाघळांतली बुरशी शोधताना या चुका टाळा

एप्रिलमधली गोष्ट. रामटेककडच्या एका पडक्या इमारतीतून वटवाघळांची विष्ठा गोळा केली, झिपलॉकच्या पिशव्यांत भरली आणि पिशव्या गाडीच्या डिक्कीत टाकल्या. वाटेत मनसरला चहा झाला. लॅबमध्ये पोचेस्तोवर पिशव्यांना आतून घाम फुटला होता. नमुना बुरशी वाढवायच्या काचेच्या प्लेटांत लावला. चौथ्या दिवशी बारापैकी अकरा प्लेटा करड्या कापसाने भरलेल्या, कापूस पार झाकणाला टेकलेला. रायझोपस, म्हणजे कुठेही झपाट्याने पसरणारी साधी बुरशी! ज्या बुरशीसाठी एवढी धावपळ केली, ती खाली असली तरी दिसणार कुठून?

त्यानंतर कोरडा नमुना कागदी पाकिटात आणि पाकीट बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला न टेकवता. नागपूरच्या उन्हात डिक्की म्हणजे इन्क्युबेटरच असतो, हे मला अकरा प्लेटा घालवल्यावर कळलं.

पण त्याहून मोठी चूक घरी बसूनच होते, ती म्हणजे दुसऱ्या देशाचा प्रश्न जसाच्या तसा उचलणे. वटवाघूळ आणि बुरशी म्हटलं की सगळ्यांना ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ हा वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी चढवणारा रोग आठवतो. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत तो पहिल्यांदा टिपला गेला आणि पुढे उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली. त्याला कारण असलेली स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स ही थंडीची बुरशी आहे. साधारण १२ ते १६ अंशांत ती उत्तम वाढते आणि २० च्या आसपास थांबते. महिनोन् महिने गारठून झोपलेल्या वटवाघळाच्या अंगावर तिचं फावतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथल्या नमुन्याची प्लेट १० अंशांवर ठेवून ‘बुरशी आढळली नाही’ असं लिहिलं, तर तो निष्कर्ष वटवाघळाबद्दल नसतो, फ्रिजबद्दल असतो.

इथे आधी विचार करावा तो हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम या बुरशीचा. वटवाघळांच्या किंवा पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत ती राहते, धुळीबरोबर माणसाच्या फुफ्फुसात जाते आणि वटवाघळांनाही तिचा संसर्ग होतो. २५ अंशांवर ती धाग्यांची बुरशी असते, ३७ वर यीस्ट, म्हणजे सुट्या एकेका पेशींची. तिच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली, घाई. आठवड्यात काही उगवलं नाही की प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, जातात. ही बुरशी चार ते सहा आठवडे घेऊ शकते. दुसरी, माध्यम. सबुरो अगार या बुरशी वाढवायच्या साध्या माध्यमावर मातीतल्या भुरट्या बुरशा आधी पोट भरून घेतात, म्हणून त्यांना रोखणारं सायक्लोहेक्झिमाइड हे औषध घालतात. हिस्टोप्लाझ्मा ते सोसते, क्रिप्टोकॉकस ही दुसरी रोगकारक बुरशी मात्र त्याने दबते. दोन्ही शोधायच्या असतील तर माध्यमंही दोन हवीत, एक औषधाचं आणि एक बिनऔषधाचं. तिसरी चूक जिवावरची. संशयित वाढ उघड्या टेबलावर उघडायची नाही, वास घ्यायचा नाही, स्लाइड कल्चर, म्हणजे काचपट्टीवरच बुरशी वाढवणं, तर मुळीच करायचं नाही. खरं तर तिथे प्लेटच नको, स्क्रू-झाकणाच्या नळीतला स्लँट, म्हणजे तिरकं गोठवलेलं माध्यम, हवा. वाढीवर पुढचं काम वरच्या जैवसुरक्षा पातळीच्या लॅबमध्येच करायचं. माझ्या त्या बारा प्लेटांत रायझोपसच निघाला, ते एका परीने बरंच झालं.

सूक्ष्मदर्शकात काटेरी, गोल, मोठे बीजाणू दिसले की मन लगेच ‘सापडली!’ म्हणतं. सेपेडोनियम ही वेगळी बुरशीसुद्धा तशीच दिसते, आणि क्रायसोस्पोरियम ही आणखी एक बुरशीही फसवते. डीएनए तपासल्याशिवाय नाव लिहू नका.

प्राण्यावरून स्वॅब घेताना गोंधळ होतो तो कापडी पिशवीचा. सहा वटवाघळं एकाच पिशवीतून काढली, तर एकाची बुरशी सहाही जणांची होते. प्रत्येकाला वेगळी धुतलेली पिशवी, प्रत्येकामागे नवे हातमोजे. स्वॅब निर्जंतुक पाण्यात ओला करून पंखाच्या पुढच्या हाडावर आणि नाकाशी हलकेच फिरवायचा. एक कोरा स्वॅब त्याच जागी हवेत उघडून, तसाच बंद करून, बाकीच्यांसोबत शेवटपर्यंत न्यायचा. हा कोरा स्वॅब लोक कंटाळून टाळतात. मग पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून बुरशी ओळखायच्या चाचणीत, ३८व्या-३९व्या सायकलला, म्हणजे अगदी उशिरा, रेघ वर आली की ती वटवाघळाची, गुहेतल्या धुळीची की लॅबची, ते सांगायला कोणी साक्षीदार उरत नाही.

उलटही होतं. विष्ठेतले घटक पीसीआरची प्रक्रियाच अडवतात आणि सगळं निगेटिव्ह येतं. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा, आणि प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल, म्हणजे चाचणी चालली की नाही ते सांगणारा ओळखीचा डीएनए, ठेवा. कंट्रोलही उठला नाही, तर तो निकालच नव्हे. बुरशीची भिंत चिवट असते, त्यामुळे बारीक मणी घालून जोरात हलवून फोडल्याशिवाय डीएनए नीट बाहेर येत नाही.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे वटवाघूळ आजारी, असंही नाही. केसांत धुळीसारखे बीजाणू असणं वेगळं आणि बुरशी कातडीत शिरणं वेगळं. दुसरं सिद्ध करायला ऊतीचा काप लागतो. तोवर ‘वटवाघळांत घातक बुरशी’ असं कोणाच्या कानावर घालू नका. गावात वटवाघळांचं झाड तोडायला वेळ लागत नाही.

परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आधी घ्यायची. वन्यजीव विभागाचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे, तेव्हा लांब पडतं ही सबब चालणार नाही. रेबीजची लस आणि एन-९५ मास्कही आधीच.

त्या इमारतीजवळ शेत असलेले काका पुढच्या खेपेला भेटले.

“मंग भाऊ, चमगादडाले काय निघालं?”

“काही नाही काका. शिळ्या पावावर येते ना, ती बुरशी निघाली.”

“मंग एवढ्या दूर काहून आले? पाव आमच्या घरी होता ना!”