घरचं कोंबडीखाद्य बनवताय? लायसिन-मेथिओनिनच्या या चुका टाळा

"पेंडेत प्रोटीन 46 टक्के आहे, आता काय बघायचं?" सिन्नर-दिंडोरीकडच्या शेडांवर हे ऐकून कान किटले. बघायचं ते लायसिन. तेही पक्ष्याच्या अंगी लागणारं. लायसिन आणि मेथिओनिन ही प्रोटीनमधली अमिनो आम्लं.

दिंडोरीजवळच्या एका फार्मवर ब्रॉयलर एकसारखे वाढेनात. मालकाने औषधं बदलली, पिल्लांना दोष दिला. गोदामात सोयापेंडेचं पोतं उघडलं तर माल तांबूस तपकिरी, वास करपट. लॅबचा रिपोर्ट मात्र चोख! त्या तपासणीत नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीन काढतात. पेंड जास्त भाजली की लायसिन साखरेला चिकटून बसतं. नायट्रोजन जागेवरच राहतो, पण ते लायसिन पक्ष्याच्या उपयोगाचं नसतं. केओएच विद्राव्यता, म्हणजे केओएचच्या द्रावणात किती प्रोटीन विरघळतं ते काढलं, तर ती 70 टक्क्यांच्याही खाली आली. साधारण 78 ते 85 हवी. त्याहून वर गेली तर माल कच्चा असण्याची शंका घ्या आणि युरिएज (कच्च्या सोयातलं एन्झाइम) तपासा. "वरून लायसिन टाकू का?" हा प्रश्न हमखास येतो. नका टाकू. करपलेल्या पेंडेत सिस्टिन आणि आर्जिनिन ही दुसरी अमिनो आम्लंही गेलेली असतात. त्या मालकाने लॉट बदलला आणि पुढची बॅच सरळ निघाली. मी रिपोर्टाच्या आधी मूठभर पेंड हातात घेतो. फिकट सोनेरी नसेल तर गाडी उतरवू देत नाही.

दुसरी चूक पावडर मेथिओनिनऐवजी किलोला किलो द्रव टाकण्याची. द्रव म्हणजे मेथिओनिनचं हायड्रॉक्सी रूप. पक्षी शरीरात त्याचं मेथिओनिन करतो. पण पावडर 99 टक्के, द्रव 88 टक्के, बाकी पाणी. कंपन्यांचे दावे वेगवेगळे आहेत. मी वजनाला वजन द्रवाचं काम पावडरीच्या 65 टक्केच धरतो, म्हणजे किलोभर पावडरीला दीड किलो द्रव. स्वस्त पडतं का, हा हिशोब त्यानंतर करा.

बाजारात लायसिन दोन रूपांत मिळतं. लायसिन एचसीएलमध्ये लायसिन 78 टक्के असतं, लायसिन सल्फेटमध्ये बरंच कमी. पोत्यावरचा आकडा वाचल्याशिवाय बदली करू नका.

पोल्ट्रीचं उरलेलं मेथिओनिन गायीला घालू नका. त्यातलं बरंचसं रूमेनमधले (गायीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले) जंतूच फस्त करतात. गायीला बायपास, म्हणजे रूमेनमधून न फुटता पुढे जाणारं मेथिओनिन लागतं.

आणि लायसिन-मेथिओनिनची पावडर थेट मोठ्या मिक्सरमध्ये ओतायची घाई नको. आधी थोड्या मक्याच्या भरड्यात नीट कालवा, मग टाका. या दहा मिनिटांचाही कंटाळा येत असेल तर तयार खाद्य विकत घ्या.