डाळिंबाच्या बियांचं तेल : चोथ्यापासून मलमापर्यंत

तासगावच्या द्राक्षांच्या बियांचं तेल काढायला जाल, तर तिथल्या तास-ए-गणेश या वाणात बीच सापडत नाही. आंब्याच्या कोयीत स्निग्धांश असतो, पण तो तुपासारखा घट्ट. घाण्यातून नीट सुटत नाही. सांगली जिल्ह्यात हात घालावा तो आटपाडी-जतकडच्या डाळिंबाला. रस काढून उरलेल्या चोथ्यात बी फुकट जातं. तेल्या रोगामुळे सालीवर डाग पडलेलं फळही चालतं (तेल्याचं तेल म्हणा हवं तर!), फक्त साल तडकून आतले दाणे काळे पडलेले नकोत.

चोथा त्याच दिवशी आणा. दुसऱ्या दिवशी तो आंबतो आणि तो वास तेलात उतरतो. भरपूर पाण्यात टाकून हाताने चोळा. बी तळाला बसतं, गर वर येतो, तो ओतून द्या. तीन-चार पाणी तरी लागतात. बियांवर गोडवा राहिला तर तेलयंत्रात तो करपतो आणि स्क्रूला चिकटतो.

वाळवणं हेच खरं काम. जाळीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस, किंवा ड्रायरमध्ये ४५ अंशांवर. ओलावा ७ ते ८ टक्के हवा. दाताखाली बी कट्कन तुटलं पाहिजे. खात्री करायची तर १०० ग्रॅम बी १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ९२-९३ ग्रॅम उरलं की तुमचा लॉट तयार. हा नमुना मात्र तेलाला वापरू नका.

लाकडी घाण्याला एका वेळी बरंच बी लागतं, म्हणून सुरुवातीला छोटं स्क्रूचं तेलयंत्र बरं. बी मुठीमुठीने सोडा. पेंडीचा भुगा होऊन यंत्र अडकतंय? बी जास्त वाळलंय. पाण्याचा हलका शिपका देऊन रात्रभर झाकून ठेवा. लगदा स्क्रूबरोबर नुसता फिरतोय, तेल फेसाळतंय? बी ओलं आहे, पुन्हा वाळवा. सुक्या बियांत तेल साधारण १२ ते २० टक्के, पण सगळं निघत नाही. १० किलोला एक किलोच्या आसपास मिळालं तर समाधान माना.

तेल स्टीलच्या भांड्यात झाकून दोन-तीन दिवस निवळू द्या, मग वरचं तेल मलमलीतून गाळा. तांब्या-पितळेचं भांडं नको. या तेलात प्युनिसिक आम्ल भरपूर असतं आणि ते हवेशी फार लवकर जुळतं. जवसासारखं तेल घट्ट होतं, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. म्हणून गडद काचेची लहान बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवा. १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम ई-जीवनसत्त्व घातलं तर टिकाऊपणा वाढतो.

साबणात हे तेल घालणं म्हणजे नासाडी. भेगाळलेल्या टाचांसाठी मलम करा : तिळाचं तेल ७० ग्रॅम, मधमाशीचं मेण २० ग्रॅम. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात तिळाच्या तेलात मेण वितळवा, खाली उतरवा, कडेला पांढरट साय धरू लागली की डाळिंबाचं १० ग्रॅम तेल घालून ढवळा आणि लगेच डब्यांत ओता. आधी घातलं तर उष्णतेने तेल बिघडतं, फार उशिरा घातलं तर मलमात गुठळ्या होतात.

विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो. पेंड बारीक चाळून टाचा घासायला वापरा. चेहऱ्याला नको, कण टोकदार असतात. उरलेली खतात टाका.