छाटणीच्या आधी अ‍ॅप बागायतदाराच्या फोनवर पोहोचावं म्हणून

द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद ठेवणारं अ‍ॅप बनवत असाल, तर आधी कॅलेंडर उघडा. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीची कामं सप्टेंबरातच सुरू होतात. त्यानंतर डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीने फवारण्या पाठोपाठ येतात. कोणतं औषध, किती, कधी मारलं याची वही तेव्हाच लागते, आणि निर्यातीचा माल असेल तर ती दाखवावीही लागते. मी माझं पहिलं फवारणी-नोंदीचं अ‍ॅप जानेवारीत आणलं. तोवर काढणी सुरू झाली होती आणि अ‍ॅप पुढच्या हंगामापर्यंत तसंच पडून राहिलं. म्हणून सांगतो, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागा.

इतकं आधी लागायचं आणखी एक कारण आहे. प्ले स्टोअरवरचं तुमचं वैयक्तिक डेव्हलपर खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. ही बारा नावं मित्रांच्या यादीतून भरू नका. बारा बागायतदार शोधा, प्रत्येकाच्या बांधावर जाऊन अ‍ॅप उतरवून द्या आणि ते कुठे अडतात ते गप्प बसून बघा. बागेत रेंज नसते, हात औषधाने ओले असतात, ऊन स्क्रीनवर पडतं. हे घरी बसून कळत नाही. पुढे गावात अ‍ॅपबद्दल कोणी बोललं, तर पहिल्यांदा हेच बारा जण बोलतील.

मग नाव. प्ले स्टोअर नावाला ३० अक्षरं देतं आणि छोट्या वर्णनाला ८०. काना, मात्रा, वेलांटी धरून मोजा. ऐटदार इंग्रजी नावाचा मोह सोडा. 'द्राक्ष फवारणी वही' एवढ्यात काम होतं, कारण माणूस हेच शब्द टाकून शोधतो. बरेच जण तेच शब्द रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून मोठ्या वर्णनात तेही एकदा सहज येऊ द्या. मराठी वर्णन वेगळं भरता येतं, ते जरूर भरा. स्क्रीनशॉट आठपर्यंत चालतात, पण मेहनत पहिल्या दोनांवर घ्या: एकात भरलेली नोंद, दुसऱ्यात तयार अहवाल. दोन्हींत खऱ्या बागेतली नोंद दाखवा. गोपनीयता धोरण आणि डेटा सुरक्षेचा अर्ज आधीच भरून ठेवा.

खरी गर्दी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर असते. औषध घेताना माणूस तिथे पाच-दहा मिनिटं थांबतो. दुकानदाराला आधी स्वतः अ‍ॅप वापरायला द्या. त्याला पटलं तरच क्यूआर कोडचा कागद काउंटरवर लावायला सांगा. प्रत्येक दुकानासाठी वेगळा दुवा बनवा, म्हणजे कुठून किती जण आले ते कळतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता दुवा टाकू नका. बारांपैकी एकाने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बागेतून केलेला मिनिटभराचा व्हिडिओ टाका.

अभिप्राय पहिला अहवाल तयार झाल्यावर मागा, अ‍ॅप उघडल्या उघडल्या नको. त्यासाठी रिचार्ज किंवा बक्षीस देऊ नका; स्टोअरच्या नियमांत ते बसत नाही. आणि छाटणीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत संध्याकाळी सात ते नऊ फोन मोकळा ठेवा, कारण शेतकरी घरी आल्यावरच विचारायला फोन करतो.