लिंगताठरतेच्या औषधांच्या कंपन्या: शेअर घेण्याआधीची तपासणी

गोळीचं नाव सर्वांना माहीत आहे म्हणून शेअर घ्यायचा, ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक. आधी ती गोळी आज कुणाची आहे ते पाहा. व्हायग्रा फायझरची, असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. पण नोव्हेंबर २०२० मध्ये फायझरने अपजॉन हा विभाग वेगळा काढला, तो मायलॅन या कंपनीशी जोडला गेला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या व्हायाट्रिस या कंपनीकडे व्हायग्रा गेली. म्हणजे व्हायग्रासाठी फायझर घेणाऱ्याच्या हाती व्हायग्रा येतच नाही.

मग कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि औषधवार विक्रीचा तक्ता काढा. औषधाची विक्री भागिले एकूण विक्री, एवढंच गणित. २०१२ मध्ये व्हायग्राची विक्री सुमारे २०५ कोटी डॉलर होती आणि फायझरची एकूण सुमारे ५,९०० कोटी. वाटा साडेतीन टक्के. २०१७ मध्ये लिली या कंपनीच्या २,२८७ कोटी डॉलर विक्रीत सियालिस या तिच्या ताठरतेच्या गोळीचे २३२ कोटी, म्हणजे दहा टक्के. वाटा दहा टक्क्यांच्या खाली असेल, तर त्या शेअरचं भवितव्य इतर औषधं ठरवतात. अभ्यासही त्यांचाच करावा.

सर्वांत जास्त वेळ पेटंटला द्या. अमेरिकेतली पेटंटं औषध प्रशासनाच्या ‘ऑरेंज बुक’मध्ये फुकट पाहता येतात. एका गोळीवर अनेक पेटंटं असतात: रेणूचं, वापराचं, मात्रेचं. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, त्याच्या रेणूचं पेटंट २०१२ मध्ये संपलं, पण वापराच्या पेटंटची मुदत २०२० पर्यंत होती. तरीही जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध, आलं डिसेंबर २०१७ मध्ये, कारण फायझर आणि जेनेरिक बनवणारी तेवा यांच्यात तसा समझोता झाला होता. कॅनडात तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्येच पेटंट मोडीत काढलं. सियालिसमधल्या टाडालाफिलचंही तसंच: मात्रेचं पेटंट २०२० पर्यंत, समझोत्याने जेनेरिक सप्टेंबर २०१८ मध्ये, आणि २०१९ मध्ये सियालिसची विक्री ८९ कोटी डॉलरवर. म्हणून पेटंटवर छापलेल्या तारखेवर विसंबू नका. अहवालातला न्यायालयीन प्रकरणांचा भाग ओळ न ओळ वाचा. खरी तारीख तिथे सापडते.

जेनेरिक बनवणाऱ्यांचा हिशेब उलटा. अमेरिकेत पेटंटला पहिलं आव्हान देणाऱ्याला बहुधा १८० दिवस इतर जेनेरिक कंपन्यांविना विकण्याची मोकळीक मिळते. त्यानंतर बाकीचे उतरतात आणि भाव कोसळतो. त्या सहा महिन्यांतला नफा कायमचा धरून शेअरची किंमत लावली, की फसगत ठरलेली. कारखान्याला औषध प्रशासनाचं इशारापत्र आलं आहे का, तेही बघा. पत्र आलं की नव्या मंजुऱ्या अडकू शकतात.

लहान कंपनीत रोकड मोजा. शिल्लक १२ कोटी आणि दर तिमाहीचा खर्च २ कोटी, तर हातात सहा तिमाह्या. त्याआधी ती बहुधा नवे शेअर विकेल आणि तुमचा हिस्सा पातळ होईल. कर्जफेडीच्या तारखाही लिहून ठेवा. अवानाफिल ही गोळी आणणाऱ्या व्हायव्हसला एप्रिल २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि जुलै २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मंजुरीने कर्ज फिटत नाही.

नव्या औषधाच्या चाचणीत प्लासिबो गटाचा, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा दिलेल्यांचा, आकडा आधी वाचा. ताठरता मोजण्याची प्रश्नावली रुग्ण स्वतः भरतो, गुण ३० पैकी, आणि साधारण ४ गुणांच्या सुधारणेला वैद्यकीय अर्थ आहे असं मानतात. प्लासिबोनेही गुण वाढतात. फ्युचुरा मेडिकल या कंपनीच्या ताठरतेसाठीच्या नायट्रोग्लिसरीन जेलचं डिसेंबर २०१९ मध्ये हेच झालं: औषध नसलेलं जेलही जवळपास तितकंच चाललं. पुढे तेच बिनऔषधी जेल एरॉक्सॉन नावाने वैद्यकीय साधन म्हणून बाजारात आलं, पण निकालाच्या दिवशी शेअर गडगडला होता. अशा निकालाआधी तेवढीच रक्कम ठेवा, जी पूर्ण बुडाली तरी घरखर्चाला हात लागणार नाही.