सपाट बॅनरचे थर सोडवणारे मॉडेल कसे घडवावे

दहीहंडी आणि नवरात्र जवळ आले की ठाण्यात नौपाड्यापासून टेंभी नाक्यापर्यंत फ्लेक्स छापणाऱ्यांकडे एकच मागणी येते : गेल्या वर्षीचाच बॅनर, फक्त तारीख आणि नावे बदलून. थर वेगवेगळे जपणारी फोटोशॉपची मूळ पीएसडी फाइल सापडत नाही. हाती असते ती व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीईजी. अशा सपाट चित्रातून पार्श्वभूमी, छायाचित्रे आणि मजकूर वेगवेगळ्या पारदर्शक थरांत काढणारे एआय मॉडेल घडवताना खरी मेहनत मॉडेलवर नव्हे, तर त्याला आपोआप गुण देणाऱ्या प्रोग्रामवर, म्हणजे परीक्षकावर, घ्यावी लागते.

थर एकावर एक रचण्याचे गणित पोर्टर आणि डफ या संगणक-ग्राफिक्स संशोधकांनी 1984 मध्ये मांडले. वरच्या रंगाला अल्फाने, म्हणजे त्याच्या अपारदर्शकतेच्या 0 ते 1 मधील मापाने, गुणावे, खालच्या रंगाला एक वजा अल्फाने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. उलट दिशेने मात्र एकच उत्तर निघत नाही. पांढऱ्यावरचा निम्मा पारदर्शक काळा आणि पूर्ण अपारदर्शक करडा, दोघांचीही पिक्सेलमधली किंमत 0 ते 255 या मापात 128च्या आसपासच येते.

सुरुवात स्वतःच्या जुन्या पीएसडी फाइलींपासून करावी. थर वेगळे जतन करून चित्र सपाट करावे आणि जेपीईजीचे कॉम्प्रेशन मुद्दाम वाढवून ते खराब करावे. एकाच मंडळाचे सगळे बॅनर एक तर प्रशिक्षणात किंवा चाचणीत ठेवावेत, कारण दोन्हीकडे विखुरले तर मॉडेल तोच साचा पाठ करून गुण मिळवते. या जोड्यांवर आधी नेहमीचे प्रशिक्षण पूर्ण करावे. मॉडेलला थर जेमतेमही सुटत नसतील, तर त्याच्या सर्व प्रयत्नांना सारखेच वाईट गुण पडतात आणि अभिप्रायातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

परीक्षकाची पहिली कसोटी सहज सुचते : थर पुन्हा जोडून मूळ चित्राशी ताडून पाहावे. पण एवढ्यावर विसंबल्यास मॉडेल संपूर्ण चित्र एकाच थरात टाकते, बाकीचे थर रिकामे सोडते आणि पैकीच्या पैकी गुण घेते. म्हणून मजकुराचा थर कोऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून टेसरॅक्टसारख्या, मराठी वाचणाऱ्या ओसीआरकडून (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून) वाचून घ्यावा, आणि त्याच ओसीआरला पार्श्वभूमीच्या थरात एकही अक्षर सापडू नये अशी अट घालावी. तेव्हा मॉडेल पार्श्वभूमीच धूसर करू लागते. त्यावर उपाय असा की, जिथे वर काहीच नव्हते तिथे पार्श्वभूमी मूळ चित्राशी तंतोतंत जुळली पाहिजे. शिवाय मजकूर गडद आणि फिकट अशा दोन नव्या रंगांवर ठेवून पाहावा; कडेला जुन्या रंगाची झालर दिसली, तर अल्फा चुकला आहे.

देवनागरीत अनुस्वार आणि रफार यांचे क्षेत्रफळ इतके नगण्य असते की ते गळाले तरी सरासरी त्रुटी हलत नाही, पण ग्राहकाचे आडनाव बदलते. त्यामुळे शिरोरेषेच्या वरच्या पट्ट्याला वेगळे आणि अधिक वजन द्यावे. सर्व कसोट्यांच्या गुणांची बेरीज न करता गुणाकार करावा, असे माझे मत आहे. बेरजेत एका विषयातले नापास दुसऱ्यात भरून निघते.

त्यानंतर प्रत्येक बॅनरची आठेक उत्तरे काढून, गटाच्या सरासरीहून सरस उत्तरांकडे मॉडेल वळवावे. जीआरपीओ ही 2024 मधील पद्धत याच तत्त्वावर चालते. मूळ मॉडेलपासून फार दूर गेल्यास दंड त्यात ठेवावाच. रोज मॅटर लावणाऱ्या, म्हणजे बॅनरवर मजकूर मांडणाऱ्या, कारागिराकडून पन्नासेक बॅनर हाताने तपासून घ्यावेत आणि यंत्राचे गुण चढत असताना त्याची पसंती उतरू लागली, की प्रशिक्षण तिथेच थांबवून परीक्षक दुरुस्त करावा.

सुलेखनातील शीर्षके ओसीआरला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे उत्तम सोडवलेला थरही नापास ठरतो. अशी अक्षरे चित्र मानून, त्यांच्या अल्फाची तुलना थेट मूळ पीएसडीमधील थराशी करावी.