सूत्र पाठ आहे, मग रेझिस्टर का जळतो?

व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. भागाकार-गुणाकारात सहसा कुणी चुकत नाही. चुकतं ते कुठलं व्होल्टेज घ्यायचं यात.

एका शिकाऊ मुलाला 12 व्होल्टचा छोटा पंखा 12 व्होल्टच्याच सप्लायवरून, पण 8 व्होल्टवर, सावकाश चालवायचा होता. 8 व्होल्टला तो 0.2 अँपिअर घेतो, हे त्याने मोजलं होतं. इथवर शाब्बास. मग त्याने 12 भागिले 0.2 केलं, 60 ओहम काढले आणि जवळचा 56 चा रेझिस्टर पंख्याच्या मागे एका ओळीत (सिरीजमध्ये) जोडला. पंखा ढिम्म. बोटाने ढकलला की जेमतेम फिरायचा. पठ्ठ्याने पंखाच बदलला, दोनदा! अहो, रेझिस्टरवर 12 व्होल्ट पडायचेच नव्हते. 8 पंख्याचे, उरलेले 4 रेझिस्टरचे. 4 भागिले 0.2 म्हणजे 20 ओहम.

मी हे सांगितलं, त्याने लगेच डब्यातला 22 ओहमचा उचलून लावला. पंखा फिरला, आणि थोड्याच वेळात तो ओळखीचा वास आला. रेझिस्टर पाव वॅटचा होता, आणि त्यावर पडत होते 4 गुणिले 0.2, म्हणजे जवळजवळ 0.8 वॅट. रंगाचे पट्टे तपकिरी होऊन वाचता येईनासे झाले होते. ओहम बरोबर आला की लोकांना वाटतं काम झालं, वॅट काढायला पाच सेकंद नसतात. मी निघालेल्या वॅटच्या दुप्पट रेटिंग घेतो; इथे 2 वॅटचा लावला. आणि सोल्डरिंगला हात घालण्याआधी कागदावर सर्किट काढून प्रत्येक भागाच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज शेजारी लिहितो. ॲपमध्ये आकडे टाकून उत्तर काढणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

मिलिअँपिअरचं अँपिअर करायला विसरणं ही दुसरी कायमची चूक. 5 व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअरला उत्तर 250 ओहम. 5 ला थेट 20 ने भागलंत तर पाव ओहम. पाव ओहम! असं उत्तर पाहून शंकाच येत नसेल तर ॲप काय करणार? गंमत म्हणजे व्होल्ट भागिले मिलिअँपिअर केलं की उत्तर सरळ किलोओहममध्येच येतं. मी तसंच करतो.

बल्बचा रोध थंड असताना मोजून त्यावरून पॉवर काढू नका. 12 व्होल्ट, 21 वॅटच्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध सुमारे 7 ओहम भरतो. थंड फिलामेंटवर मीटर 1 ओहमसुद्धा दाखवत नाही.

व्होल्टेज दुप्पट केलं की त्याच रेझिस्टरवरची पॉवर चौपट होते, दुप्पट नाही.

एसी मोटरच्या व्होल्टेज-करंटचा नुसता गुणाकार व्होल्ट-अँपिअर देतो. वॅट, म्हणजे खरी पॉवर, हवे असतील तर पॉवर फॅक्टरने (व्होल्ट-अँपिअरचा किती हिस्सा खरी पॉवर आहे ते सांगणारा आकडा) गुणा.

आणि करंट मोजून झाला की मीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. विसरून तशीच बॅटरीच्या दोन टोकांना लावलीत, तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा.